अंधुक अक्षरांचा पुरावा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून वस्ती गाडली गेली. माणसे गेली असताना कागदांची हळहळ व्यक्त करणे अप्रशस्त, हे सर्वांनाच उमगत होते. त्यामुळे त्या दिवसांत कागदांविषयी कोणी बोलले नाही. गणपती झाल्यावर बाजारपेठेतील एका परिचित घरातून दूरध्वनी आला. घरातले वयोवृद्ध काका बोलत होते. ‘‘सर, तुम्ही आमच्या रुमालाचे फोटो काढले होतेत. ते आहेत का अजून?’’ एवढेच त्यांनी विचारले. रुमाल म्हणजे कापडात बांधून ठेवलेले जुन्या मोडी कागदांचे गाठोडे. तळमजल्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत ते होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत कागद नव्हते, लगदा होता.

ते फोटो मी २००७च्या दिवाळीच्या सुट्टीत काढले होते. मराठीची एम.ए. पदवी हाती होती, मोडीचा वर्ग नुकताच पूर्ण केला होता आणि पहिल्या पगारांतून साठवलेल्या पैशांत सहा मेगापिक्सेलचा, शर्टाच्या खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेतला होता. एका दुपारी ओटीवर बसून मी एकूण ६२ चित्रे घेतली, ती एका सीडीवर उतरवली आणि ‘सवडीने वाचू’ म्हणून ती सीडी कपाटात ठेवली. चौदा वर्षांनी ती शोधून संगणकात घातली. सीडी चालली, हे नशीब. परंतु ६२ चित्रांपैकी पूर्ण वाचता येतील अशी २७च निघाली. उरलेली काही अंधुक होती, काही हललेली होती, आणि काहींच्या मधोमध पांढरा डाग पडला होता.

त्यांतले एक खरेदीखत मला विसरता येत नाही. मोडी कागदांत काळ पुष्कळदा सुहूर सनाने, म्हणजे अरबी संख्याशब्दांनी दिलेला असतो. आधी एकक, मग दशक, मग शेकडा आणि शेवटी सहस्र. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर ११७२, इसवी सनाचे १७७१-७२. माझ्या चित्रात ‘मया व अलफ’ स्वच्छ दिसते. त्याच्या आधीचे दोन शब्द कॅमेऱ्याच्या फ्लॅशने जाळले आहेत. म्हणजे कागद अठराव्या शतकातला आहे एवढेच सांगता येते. तो १७१०चा की १७९०चा, पानिपताच्या आधीचा की नंतरचा, ते कधीच कळणार नाही. कागद गेला तो पुरात. ते दोन शब्द मात्र पुराच्या चौदा वर्षे आधीच माझ्या हातून गेले होते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. संहितेची चिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की पाठभेद लेखनिकाच्या हातून निर्माण होतात: नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरते, सारख्या अक्षरांची अदलाबदल होते, कळले नाही ते गाळले जाते. कॅमेऱ्याच्या हातूनही पाठभेद होतात, हे मात्र आपण सांगत नाही. कारण छायाचित्र म्हणजे वस्तूच, अशी आपली समजूत असते. फोकस चुकणे आणि प्रकाशाची मात्रा चुकणे या छायाचित्रकाराच्या अडचणी समजल्या जातात. जुन्या अक्षरांच्या बाबतीत त्या वाचकाच्या, म्हणून इतिहासाच्या, अडचणी ठरतात. महाड-पोलादपूरचा परिसर हे समजून घेण्यास सोयीचा आहे; येथे दोन हजार वर्षांच्या आसपासची अक्षरे दगडावर आहेत आणि ती उतरवून घेण्याचे प्रयत्न दीडशे वर्षांच्या आसपास चालू आहेत.

महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, पाले गावाच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ही लेणी. त्यांतील ब्राह्मी लिपीतले लेख विद्वानांपुढे नीट आले ते जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखसंग्रहातून. कुडे, महाड, कोल अशा आपल्या परिसरातल्या लेण्यांचे लेख त्यात आहेत. येथील एका लेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराचे दान नोंदलेले आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन्ही बाजूंस दोन पाण्याची टाकी आणि एक वाट, असा त्याचा तपशील आहे. प्राकृतात कुमाराचे नाव ‘कानभोअ व्हेनुपालित’ असे येते. खोलीला ‘ओवरक’ हा शब्द आहे आणि टाक्याला ‘पोढी’. ओवरक या शब्दाशी आपल्या ‘ओवरी’चे आणि ‘लेण’शी ‘लेणे’चे नाते उघड आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला या भिंतीपुढे उभे राहताना आपल्या भाषेची फार जुनी पावले दिसतात.

या लेखातील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. आठ ही संख्या शब्दानेही दिली आहे आणि अंकानेही. दोन हीसुद्धा तशीच. कोरणाऱ्याला, किंवा कोरवून घेणाऱ्याला, अक्षर झिजते याची जाणीव असावी. एक खूण गेली तर दुसरी राहील, ही व्यवस्था पुराव्याची आहे. आजचा व्यापारी हुंडीवर किंवा धनादेशावर रक्कम अक्षरी आणि अंकी लिहितो त्यामागील विचार हाच.

बर्जेस आणि इंद्रजी यांच्या काळी शिलालेख उतरवण्याच्या मुख्य रीती दोन होत्या. पहिली नजरनक्कल: दगडाकडे पाहून अक्षरे कागदावर काढणे. तिच्यात डोळा आणि मत दोन्ही मिसळतात. नक्कल करणारा लिपी जाणत असेल तर त्याला अपेक्षित असलेले अक्षर त्याला दिसते, जाणत नसेल तर भेगसुद्धा अक्षर होते. दुसरी रीत ठशाची: दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद बसवायचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत उतरवायचा आणि मग वरून शाई फिरवायची. खोबणीत गेलेला कागद कोरा राहतो, बाकीचा काळा होतो. ठशाला फोकस नसतो, एक्स्पोजर नसते. असतो तो केवळ स्पर्श. अक्षराचे मापही जसेच्या तसे मिळते. म्हणूनच छायाचित्रण आल्यानंतरही पुराभिलेखशास्त्राने ठसा सोडला नाही, आजही सोडलेला नाही.

छायाचित्रण मुंबईत लवकर आले. १८५४मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील छायाचित्रकारांपैकी एक. भगवानलाल इंद्रजींनी भाऊ दाजींसाठी वर्षानुवर्षे लेख गोळा केले हे लक्षात घेतले, म्हणजे प्राचीन अक्षर आणि नवे यंत्र त्या काळी किती जवळ वावरत होते ते कळते. पण त्या वेळचे तंत्र ओल्या काचेचे होते. काचेवर रसायन पसरायचे, ते वाळण्याआधी चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. लेण्यातील मंद उजेडात अक्षर उमटण्यास बराच वेळ लागे, आणि तोवर रसायन वाळू लागे. गुहेतील अंधार हा तेव्हापासूनचा शत्रू आहे. अजिंठा-वेरूळला आरशाने किंवा चकचकीत पत्र्याने ऊन आत फिरवून चित्रे दाखवणारे सेवक ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यावरचा देशी उपायही ठाऊक असेल.

फोकस लावण्याचे काम माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेले ते अलीकडे. १९७७मध्ये कोनिका कंपनीचा सी-३५ एएफ हा स्वतः फोकस लावणारा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला छोटा कॅमेरा बाजारात आला. १९७९च्या कॅननच्या छोट्या कॅमेऱ्याने त्यासाठी अवरक्त किरणांचा उपयोग केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डिजिटल कॉम्पॅक्ट कॅमेरे मध्यमवर्गीय घरांत पोहोचले आणि २०१०च्या सुमारास त्यांचा खप शिखरावर होता. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला प्रथमच असे साधन मिळाले की ज्यात रोल संपण्याची धास्ती नव्हती. रोलच्या काळात ३६ चित्रे असत आणि प्रत्येकाआधी माणूस क्षणभर थांबत असे. ती धास्ती गेली आणि तिच्याबरोबर ते थांबणेही गेले.

या कॅमेऱ्यात फोकस कसा लागतो ते एकदा समजून घेणे अगत्याचे आहे. भिंग थोडे थोडे पुढेमागे सरकते आणि चित्राच्या मध्यभागी काळ्या-पांढऱ्याचा भेद कोठे सर्वांत तीव्र आहे ते यंत्र तपासते. भेद सर्वाधिक असेल तेथे भिंग थांबते. म्हणजे यंत्राला अक्षर कळत नाही, अंतरही थेट कळत नाही. त्याला कळते ती फक्त कड. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, त्यात लेण्यातील मंद उजेड आणि झिजलेली उथळ खोबण असा योग जुळला की कडच सापडत नाही. भिंग चाचपडते, हिरव्या दिव्याऐवजी दुसऱ्या रंगाचा दिवा लुकलुकतो, आणि आपण घाईने बटण पुरते दाबतो.

गांधारपालेच्या पहिल्या फेरीत मी नेमके हेच केले. पाठीमागच्या पडद्यावर सारे ठसठशीत दिसत होते. त्या काळच्या अडीच इंची पडद्यावर लाख-सव्वा लाख ठिपके असत आणि चित्र साठ लाख ठिपक्यांचे. पन्नासातला एक ठिपका पाहून आपण चित्र चांगले आल्याचा निर्वाळा देत असू. घरी संगणकावर पाहिले तेव्हा कोळ्याचे जाळे रेखीव होते आणि त्यामागची भिंत धुरकट. जाळ्याचे पांढरे धागे ही त्या अंधारातील एकमेव तीव्र कड होती. यंत्राने आपले काम चोख केले होते.

दुसऱ्या फेरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलेला उपाय केला आणि तो आजही सर्वांत उपयोगी वाटतो. अक्षरांच्या शेजारी, त्याच पातळीवर, काळ्या-पांढऱ्या सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी धरायची. कॅमेऱ्याचा मध्य त्या पट्टीवर नेऊन बटण अर्धे दाबायचे. पट्टीवर कडाच कडा असल्याने फोकस तत्काळ लागतो. बटण तसेच अर्धे दाबलेले ठेवून कॅमेरा अक्षरांकडे वळवायचा आणि मग पुरते दाबायचे. अंतर बदलू द्यायचे नाही. पट्टी चित्रात राहिली तर अक्षराचे मापही नोंदले जाते, म्हणजे ठशाचा एक गुण छायाचित्रात येतो. कॅमेरा दगडावर किंवा तिपाईवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला की बोटाच्या धक्क्याने चित्र हलत नाही. अंधारात पडदा अर्धा-अर्धा सेकंद उघडा राहतो. एवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहत नाही.

आता प्रकाशमात्रेकडे, म्हणजे एक्स्पोजरकडे वळू. कॅमेऱ्यातील मापक जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. काळा दगड समोर आला की तो म्हणतो, उजेड कमी आहे. आणि मात्रा वाढवून दगड करडा करतो. परिणामी खोबणीतील सावल्या फिकट होतात, आणि पडदा अधिक वेळ उघडा राहिल्याने चित्र हलण्याचा धोकाही वाढतो. पांढरा कागद समोर आला की उलटे घडते; कागद मळकट करडा होतो आणि फिकी शाई त्यात बुडते. तेव्हा काळ्या दगडासाठी मात्रा थोडी उणे आणि कागदासाठी थोडी अधिक करायची. या कॅमेऱ्यांत त्यासाठी अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. दगडाला उणे दोन-तृतीयांश आणि कागदाला अधिक दोन-तृतीयांश ते एक, येथून सुरुवात करावी. लेण्याचे दार चित्रात आले तर बाहेरच्या उन्हाने मापक फसतो आणि भिंत काळीठिक्कर होते. म्हणून दार चौकटीबाहेर ठेवायचे, निदान बटण अर्धे दाबताना तरी.

याहून महत्त्वाची गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. कोरलेले अक्षर रंगाने दिसत नाही, सावलीने दिसते. कॅमेऱ्यातील फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. तो समोरून पडतो आणि जी सावली वाचायची तीच पुसतो. म्हणून दगडाच्या बाबतीत फ्लॅश बंद ठेवणे हा पहिला नियम. साधी विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरली की पुसट अक्षरे आपोआप उभी राहतात. पण येथेही एक फसगत आहे. उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही. डावीकडून उजेड पाडला तर देवनागरीचे उभे दंड उठतात आणि शिरोरेषा विरते. वरून पाडला तर शिरोरेषा दिसते आणि दंड फिके पडतात. एकाच अक्षराची दोन चित्रे दोन अक्षरांसारखी दिसू शकतात. चारही बाजूंनी उजेड पाडून किमान चार चित्रे घ्यावीत, ती यासाठी. हाच विचार पुढे नेऊन २००१मध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दिशांच्या उजेडातील चित्रे संगणकावर एकत्र करण्याची पद्धत मांडली. आज जगभर झिजलेल्या लेखांच्या वाचनासाठी ती वापरली जाते. तिचे मूळ तत्त्व एका विजेरीने आणि खिशातल्या कॅमेऱ्यानेही पाळता येते.

याचा प्रत्यय घ्यायचा तर महाडहून रायगडावर जावे. जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर हिरोजीचे नाव आहे. लोकपरंपरेत ते हिरोजी इंदुलकर म्हणून रूढ आहेत. पायरीवरील आडनाव ‘इटळकर’ असे वाचणारेही आहेत. या वादाचा निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. पण वाद कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. अनुस्वार म्हणजे एक टिंब. आपला बेसॉल्ट हा लाव्हारस थिजून झालेला दगड आहे आणि त्यात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतात. पायऱ्यांवरून शतकानुशतके पावले गेली आहेत आणि कोकणचा पाऊस वाहिला आहे. अशा दगडावरचे एखादे टिंब कोरलेले की नैसर्गिक, हे एका बाजूच्या एका छायाचित्रावरून कोण ठरवणार? त्याच मंदिराच्या भिंतीवरील संस्कृत लेखात शक मात्र संख्यावाचक शब्दांनी दिला आहे: सहा, नऊ, बाण म्हणजे पाच आणि भूमी म्हणजे एक, उलट क्रमाने शके १५९६. सोबत संवत्सराचे नाव आनंद. येथेही दुहेरी नोंद आहे. एक शब्द पुसला गेला तरी दुसऱ्यावरून वर्ष पडताळता येते.

काही उत्साही मंडळी अक्षरांत खडू भरून छायाचित्र घेतात. चित्र फारच स्पष्ट येते. पण खडू भरणाऱ्याने आधी वाचन केलेले असते आणि मग पुरावा तयार केलेला असतो. तो खडू दगडालाही बाधतो. चिकित्सक संपादनात संपादक आपली दुरुस्ती तळटीपेत देतो. खडूची दुरुस्ती थेट संहितेत जाते आणि तिच्याखाली कोणाची सही नसते. त्याच आपल्या जिल्ह्यातील आक्षीच्या शिलालेखाचे उदाहरण घ्या. तो शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा आहे, हे शं. गो. तुळपुळे यांचे वाचन मराठीच्या आरंभाविषयीच्या चर्चेत कायम येते. १९६३च्या त्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथाने अशा वाचनांना शिस्त दिली. एका भाषेच्या ज्ञात वयाचा प्रश्न दगडावरील काही अंकांवर टेकलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे फोकसची चर्चा क्षुल्लक वाटत नाही.

पोलादपूर तालुक्यातील अडचणी थोड्या वेगळ्या आहेत. तेथे दगड उघड्यावर असतात. पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा झाडाखाली वीरगळ दिसतात. झाडाखालचा उजेड कवडशांचा असतो. एक कवडसा दगडावर पडला की तो भाग पांढराफटक आणि बाकीचा काळा. दोन्ही एका चित्रात मावत नाहीत. येथे सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे कोकणी माणसाची काळी छत्री. ती धरून सारा दगड सावलीत घ्यावा आणि दुसऱ्या बाजूने पांढरे धोतर किंवा चादर ताणून उजेड तिरपा परतवावा. शेंदूर लावलेल्या दगडाचा त्रास निराळाच. एकूण मात्रा योग्य असूनही लाल रंगाचे माप भरून वाहते आणि शेंदराखालचा उठाव सपाट होऊन जातो. तेथे मात्रा आणखी उणे करावी. शेंदूर खरवडण्याचा विचारही करू नये. आपल्यासाठी जो पुरावा आहे तो गावासाठी देव आहे. दगड इतकी वर्षे टिकला तो बहुधा त्यामुळेच.

पावसाळ्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपुरात उतरणाऱ्यांनी आणखी एक अनुभव घेतला असेल. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील गारठ्यातून खालच्या दमट उष्म्यात कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर दव धरते आणि प्रत्येक चित्र धुक्यातले येते. फडक्याने पुसून ते जात नाही, पुन्हा धरते. कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा, चहा घ्यावा आणि अर्ध्या तासाने काढावा. याच दमटपणाने भिंगाच्या आत बुरशी वाढते. तिची जाळी एकदा धरली की प्रत्येक अक्षराभोवती फिकट वलय येऊ लागते.

पुन्हा त्या ओटीवरच्या दुपारकडे येतो. आज पाहताना माझ्या चुका एकेक करून मोजता येतात. कागद मी सुमारे एका फुटावरून टिपत होतो. फुलाच्या चिन्हाची जवळची व्यवस्था लावलेली नव्हती. ती नसताना त्या कॅमेऱ्याला निदान दीड फूट अंतर हवे होते. दिवा लुकलुकत होता आणि मी गप्पा मारत होतो. दिवेलागणीच्या सुमारास उजेड कमी झाला तेव्हा फ्लॅश आपोआप सुरू झाला, आणि इतक्या जवळून पडलेल्या त्या झोताने कागदाचा मध्य जाळला. खरेदीखत त्या शेवटच्या कागदांपैकी होते. कागद खिडकीजवळ सपाट ठेवणे, घडीवर काच ठेवणे, मात्रा थोडी अधिक करणे, प्रत्येक कागदाची दोन चित्रे घेणे आणि उठण्यापूर्वी पडद्यावर चित्र मोठे करून चारही कोपरे पाहणे, एवढे केले असते तर पुरे होते. यांतले काहीही पैशाने विकत घ्यावे लागत नव्हते.

एक चूक मात्र कॅमेऱ्याची मुळीच नव्हती. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागद मिळवले, हातांनी नकलून घेतले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास सुरुवात केली. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक शब्द त्याच क्षणी वाचावा लागतो; अडला तर मालकाला विचारता येते, कागद उजेडात धरून पाहता येतो. मी वाचले नाही. यंत्राने टिपले म्हणजे मी पाहिले, अशी माझी समजूत झाली. त्या दुपारी नुसते पहिली ओळ आणि सन वहीत टिपून घेतले असते तर खरेदीखताचे वर्ष आज हाती असते. १९२७ हे वर्ष आमच्या भागाला दोन कारणांनी आठवते. त्या वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले. आणि त्याच वर्षी स. म. दिवेकरांनी संपादित केलेले परमानंदांचे ‘शिवभारत’ प्रसिद्ध झाले. सत्याग्रहाचा तपशील आपल्यापर्यंत मोठ्या प्रमाणात पोहोचला तो त्यानंतर ३ एप्रिलला निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’सारख्या नियतकालिकांच्या शब्दांतून, ‘शिवभारत’ पोहोचले ते हस्तलिखित अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या संपादकामुळे. दोन्ही ठिकाणी कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले होते. छायाचित्राने टिपणाला साथ द्यावी. टिपणाची जागा घेऊ नये.

आता कॉम्पॅक्ट कॅमेरे कपाटांत गेले आहेत आणि विद्यार्थी मोबाइलने चित्रे घेतात. ती पाहताक्षणी उत्तम दिसतात, आणि माझी चिंता वाढते ती येथेच. मोबाइल अनेक चित्रे जुळवून एक करतो, अंधारातील खरखर गुळगुळीत करतो आणि कडा आपल्या हिशोबाने ठळक करतो. जुना कॅमेरा चुकला की अक्षर अंधुक येई. चूक निदान दिसत असे. आजचे यंत्र चुकले तर अक्षर स्वच्छ येते. झिजलेल्या खोबणीतील अर्धवट रेघ पुसली गेली किंवा छिद्राची कड अनुस्वारासारखी ठसठशीत झाली, तरी पाहणाऱ्याला शंका येण्याचे कारण उरत नाही. म्हणून पट्टी, तिरपा उजेड, चार दिशा आणि वहीतील टिपण यांची गरज कमी झालेली नाही. मूळ चित्र न छाटता, न उजळता जपावे आणि दुरुस्ती प्रतीवर करावी, हेही त्यातच आले. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात. त्यांतील एक तरी सावित्रीच्या पाण्यापासून दूर असावी.

त्या २७ चित्रांचे मी देवनागरीत लिप्यंतर केले आणि छापून काकांकडे नेऊन दिले. उरलेल्या ३५ चित्रांच्याही प्रती दिल्या आणि जेवढी अक्षरे लागली तेवढी शेजारी लिहिली. जेथे लागली नाहीत तेथे टिंबे दिली. खरेदीखत त्यांनी आधी उचलले. ‘‘साल कुठलं?’’ त्यांनी विचारले. अठरावे शतक एवढेच सांगता येते, पुढचे शब्द माझ्या हातून गेले, असे मी सांगितले. त्यांनी कागद थोडा वेळ हातात धरला. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराची मातकट रेघ अजून होती. मग ते म्हणाले, ‘‘कोपऱ्यावरच्या घरीही एक रुमाल आहे. माळ्यावर होता म्हणून वाचला. या वेळी सावकाश करा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, खिडकीतून ऊन यायच्या वेळी, मी पट्टी, काच, वही आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. बारापर्यंत अकरा कागद झाले. प्रत्येकाचा सन आधी वहीत उतरवला, मग चित्र घेतले.